ऋतिकच्या विमानाची पाळणूक

आमच्या भूमिकाच्या लग्नात भाताचं मोठं पातेलं खाली करपलं आणि वर कच्चं राहिलं, आणि व्याह्यांनी मधला थर खाऊन छान झालं म्हणून सांगितलं, ते ज्या वर्षी झालं त्या वर्षाची ही गोष्ट. कॅलेंडरवर २०२४ होतं. त्याच वर्षी मार्गशीर्षात, भात झोडून घरात आल्यावर, भूमिकाचा धाकटा भाऊ, माझा नातू ऋतिक, विमानात बसला.

विमान आमच्या गावात सगळ्यांनी पाहिलेलं आहे, पण खालून. सिद्धगडाच्या बाजूने येतात आणि आमच्या खळ्यावरून मुंबईकडे उतरत जातात. आत कोण बसतं याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. कुणीतरी बसत असणार, रिकामं कशाला आणतील.

ऋतिकला मालवाहू जहाजावर स्वयंपाकघरात काम लागलं होतं. जहाज मुंबईच्या धक्क्याला येऊन त्याला घेऊन जाईल असं मी गावभर सांगून बसलो होतो. पण जहाज परदेशातल्या एका बंदरात उभं होतं आणि तिथपर्यंत याने विमानाने जायचं होतं. म्हणजे जहाज पकडायला विमान. आमच्याकडे मुरबाडची एसटी पकडायला टोकावड्यापर्यंत जीपने जातात, तसलाच प्रकार, असं मी लोकांना समजावलं आणि माझा शब्द राखला.

जायच्या आधी आठवडाभर संध्याकाळी सगळे आमच्या पडवीत जमायचे. शेजारचा देवजी तर जेवूनच यायचा, म्हणजे उठायची घाई नको. देवजीकडे गावदेवाची पूजा आहे, त्यामुळे गावात काय चालतं आणि काय चालत नाही हे तो सांगतो, आणि विचारलं नाही तरी सांगतो. माझी थोरली बहीण अंबूबाई, म्हणजे आमची बाय, दाराशी पाय पसरून बसायची. ती लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली ती आमच्याकडेच राहिली. आधी मला वाढवलं, मग माझ्या मुलाला, मग ऋतिकला. मी सत्तरी ओलांडली तरी ती मला धाकल्या म्हणून हाक मारते आणि गाव हसतं.

एका संध्याकाळी ऋतिक म्हणाला, "विमानात फोन बंद ठेवावा लागतो, आबा. तेवढा वेळ काळजी करू नका."

"कोनी सांगितलं?" देवजीने विचारलं.

"सगळ्या जगानं. सगळे देश एकत्र बसून नियम करतात. विमानात बंद. जहाजावर निराळा नियम. भर समुद्रात जहाजाचा स्वतःचा टावर चालतो, पन किनारा जवळ आला की तो बंद करायचा."

देवजी विचारात पडला. "सगळे देश बसले आनि एकमत झालं?"

"झालं की."

"आपल्याकडं जत्रेचा वार ठरत नाय." मग त्याने मुद्द्याला हात घातला. "नाय बंद केला तर?"

"विमान चालवनारा खालच्या लोकांशी वायरलेसवर बोलत असतो. त्याच्या कानात खरखर येऊ शकते."

"म्हंजे पाळनूक हाय," देवजी म्हणाला.

आता पाळणूक म्हणजे काय ते सांगतो. वर्षातून एक दिवस आमचा गाव गावदेवासाठी पाळतो. त्या दिवशी औत जुंपायचं नाही, उखळात कांडायचं नाही, चुलीवर तेल तापवायचं नाही. एका घरानेही मोडली तर सगळ्या गावाची मोडली. फार पूर्वी एका बाईने दार लावून चोरून पापड तळला आणि त्या वर्षी साऱ्या गावाच्या भातावर कीड पडली, असं सांगतात. म्हणून पाळायचं तर सगळ्यांनी, हे आमच्या रक्तात आहे.

"वर बसलेला एकटा पाळनार," देवजी म्हणाला, "आनि खाली आमी गावभर हॅलो हॅलो करनार. खरखर खालून नाय जायची?"

ऋतिक हसला. "देवजीआबा, विमान दहा-अकरा किलोमीटर वर असतं. खालच्या फोनचा काय संबंध नाय."

"आपल्या फोनला रेंज कुठल्या टावरची?"

"टोकावड्याच्या."

"टोकावडा किती लांब?"

"बारा किलोमीटर."

"मग?" देवजी म्हणाला.

यावर ऋतिककडे उत्तर होतं, पण ते इंग्रजीत होतं.

बाय एवढंच म्हणाली, "मला ते वरचं खालचं कळत नाय. तू येशील तवा मी असेन का नसेन. दिसनार नायस तर निदान ऐकू ये. फोन कर म्हंजे झालं."

"करीन, मोठी आजी. विमानात चढायच्या आधी करीन."

मी मनात ठरवलं की मंगळवारी दुपारी, त्याच्या विमानाच्या वेळी, आपल्या घरापुरते फोन बंद ठेवायचे. एवढाच माझा बेत होता. फार साधा बेत होता. पण सुनेने, नम्रताने, सकाळी पाणी भरताना विहिरीवर ही गोष्ट सांगितली, आणि मी उठून तोंड धुवेपर्यंत बेत गावाचा झाला होता. गावातला सुदाम येऊन सल्ला देऊन गेला की नुसते बंद करून भागत नाही, बॅटरी काढावी. ज्यांची बॅटरी निघत नाही त्यांनी फोन ओल्या फडक्यात गुंडाळावा, असं दुसऱ्याने सांगितलं. तिसऱ्याने विचारलं की टीव्हीचं काय. मी टीव्हीला सूट दिली. ती का दिली हे मला सांगता आलं नाही, पण एकदा माणसाच्या हातात अधिकार आला की कुठेतरी सूट द्यावीशी वाटते.

सरपंच हर्षाली आमच्याच भावकीतली मुलगी. ती ऐकून म्हणाली, "आबा, असं काय नसतं. मला तर अर्ध्या अर्ध्या तासानं पंचायत समितीतून फोन येतो, माहिती द्या, माहिती द्या." मग तिने हातातल्या फोनकडे पाहिलं. "दुपारभर बंद म्हनता?"

"दुपारभर."

"मग संध्याकाळपर्यंतच ठेवू. उगाच विमानाला धोका नको."

गाव झाला, पण मूळ तर टॉवरमध्ये, असं देवजीचं म्हणणं पडलं. मी टोकावड्याला गेलो. टॉवरची राखण आमच्या ओळखीचा जैतू करतो. तो कुंपणाच्या आत खाट टाकून पडला होता.

"जैतू, मंगळवारी दुपारी टावर बंद करशील काय?"

"टावरची चावी नाय माझ्याकडं. गेटची हाय. गेट बंद करू?"

"गेटानं काय व्हनार?"

"गुरं आत येत नायत."

मी विचार केला आणि म्हणालो, बरं, गेट तरी कर. काही नसण्यापेक्षा ते बरं.

मग मुरबाडला गेलो. कुठल्या ऑफिसात ते सांगत नाही, माणसं चांगली होती. मी अक्षरं शिकलो ती पन्नाशीनंतर, कंदिलाच्या वर्गात. तेव्हापासून अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहितो आणि दुसऱ्याला लिहू देत नाही. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, 'नातू विमानात असताना टॉवर बंद ठेवणेबाबत.' साहेबांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"विमान आपल्या तालुक्यात उतरणार आहे का?"

"नाय. वरून जानार."

"वरची हद्द आमच्याकडे नाही, बाबा."

"मग कोनाकडं हाय?"

त्यांनी शेजारच्या बाईंना विचारलं. बाईंनी आत विचारलं. आतून आवाज आला की वरच्या हद्दीचं दिल्लीत बघतात, पण टॉवर जमिनीवर उभा आहे तर बिनशेतीकडे विचारा. बिनशेतीवाल्यांनी सांगितलं की जागेला हरकत असेल तर सांगा, वेळेला हरकत आमच्याकडे येत नाही. मी तिथे उभा होतो आणि माझ्यासमोर चार शिकलेली माणसं टॉवर दुपारी कोणाचा असतो यावर बोलत होती. मला फार बरं वाटलं. माझा अर्ज इतका कोणी मनावर घेतला नव्हता.

शेवटी साहेबांनी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. तो अर्ज मिळाल्याचा शिक्का होता. मी गावात येऊन तो दाखवला आणि म्हणालो, "हा मुरबाडचा शिक्का." यात खोटं काही नव्हतं. लोकांनी त्याचा अर्थ परवानगी असा घेतला आणि मी तो अर्थ परत घेतला नाही.

राहिलं सापगाव. माझी मुलगी भिमी शहापूरजवळ सापगावला दिली आहे. आत्याच्या घरचा फोन चालू राहिला तर पाळणूक मोडली, असं देवजीने सांगितल्यावर मी तिला फोन केला.

"आबा, ह्यांचा दुधाचा धंदा हाय. फोन बंद कसा व्हील?"

"भाच्यासाठी एक दुपार."

"मग आमच्या गावचं नाव पन घ्या पाळनुकीत. नायतर आमी का म्हनून बंद करायचे? तुमचाच मान नि आमचं दूध नासायचं."

सापगावातलं एक घर पाळणुकीत घेतलं. अशी माझी हद्द शहापूर तालुक्यात शिरली.

मंगळवारी पहाटेच माझा मुलगा ज्ञानेश्वर ऋतिकला जीपने घेऊन गेला. त्याला मी गावदेवाच्या अंगाऱ्याची शपथ घातली होती की पोराला विमानतळाच्या दारात सोडलं की स्वतःचा फोन बंद करायचा आणि विमान गेल्याशिवाय चालू करायचा नाही. मुलगा गुणाचा आहे. सांगितलं तेवढंच करतो.

इकडे देवळासमोर टोपली ठेवली. एकेकाने येऊन फोन बंद करून तिच्यात टाकला. देवजीने वरून हळदकुंकू वाहिलं. काही फोनांना कुंकू आत गेल्यामुळे पुढे त्रास झाला, पण ते नंतर. हर्षालीचा फोन टोपलीत पडताना वाजत होता. तिने तो असा काही बंद केला की जणू साप मारला.

बायचा फोन राहिला, पण तो सगळ्यांच्या लेखी मेलेला होता. दिवाळीत तिचा साधा बटणाचा फोन पाण्याच्या बादलीत पडला होता. टोकावड्याला अनिल फोन दुरुस्त करतो, त्याने सांगितलं की तांदळात पुरून ठेवा, ओल ओढून घेतो. बायने तो तांदळाच्या पिंपात पुरला. पुढे त्याचं काय झालं कुणी विचारलं नाही. मेलेल्या फोनाला पाळणूक कशाला, म्हणून देवजीनेही सोडून दिलं.

मग गाव जो शांत झाला तो पाहण्यासारखा. माणसं फोनशिवाय काय करायचं ते विसरली होती. सुदामने पलीकडच्या शेतातल्या बायकोला जेवायला बोलवायला पहिल्यांदा हाक मारली, तर ती घाबरून धावत आली, घरात काही झालं समजून. दोघं तरुण एकमेकांसमोर बसून रिकाम्या हातांकडे बघत होते. मी काठी घेऊन गावातून फिरत होतो. कोणी विचारलं की किती राहिलं, तर मी वर बघून सांगत होतो. घड्याळ माझ्या हातावर होतं, पण वर बघितलेलं शोभून दिसत होतं.

विमानाची वेळ झाली. एक विमान सिद्धगडावरून आलं. "आला बघा," देवजी म्हणाला. गावाने हात हलवले. ते मुंबईत उतरणारं होतं, चढणारं नव्हतं, हे नम्रताला कळत होतं. पण तिनेही हात हलवला.

तेवढ्यात फोन वाजला.

शांत गावात तो आवाज असा आला जणू देवळात कुत्रं भुंकलं. सगळे थबकले. देवजीने टोपली पाहिली, टोपली मुकी होती. आवाज दबलेला, खालून आल्यासारखा. लोक घराघरात शिरले. वाजायचं थांबलं आणि परत सुरू झालं. सगळा जमाव हळूहळू एका दिशेने सरकू लागला, आणि ती दिशा माझ्या घराची होती.

मी पुढे होतो. काठी हातात होती. त्या काठीचं काय करावं हे मला त्या क्षणी कळेना.

बाय स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपाला पाठ लावून बसली होती. पिंप वाजत होतं.

"बाय," मी म्हणालो, "सगळ्या गावानं पाळलं."

"पाळा की."

"मग हा काय वाजतोय?"

"तो मला सांगून गेलाय फोन करीन म्हनून. मी नाय उचलला तर कोन उचलनार? तू?" असं म्हणून तिने झाकण काढलं, कोपरापर्यंत हात तांदळात घातला आणि फोन बाहेर काढला. बटणांमधून तांदूळ गळत होते. तो कधीच सुकला होता आणि ती रात्री गुपचूप चार्ज करत होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. तिला कमी ऐकू येतं म्हणून तिचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो, त्यामुळे पुढचं सगळं गावाने ऐकलं.

"मोठी आजी," ऋतिकचा आवाज रडवेला होता. "तासभर लावतोय सगळ्यांना. बाबांचा बंद, आईचा बंद, आबांचा बंद, आत्याचा बंद. सरपंचांचा पन बंद. गावाला काय झालंय?"

"काय नाय झालं. तुज्यासाठी बंद हायत."

"माझ्यासाठी? आजी, माझ्या मोज्यात पुडी कुनी ठेवली? आत पावडर हाय. इथं मला बाजूला काढून बसवलंय. काय हाय ते मला सांगता येईना. विमान सुटेल, आजी. जहाजावरचे लोक दुसऱ्याला घेतील."

माझ्या मागे नम्रताने भिंतीला हात टेकला. गावाच्या टोपलीत शंभरेक फोन हळदकुंकू लावून गप्प पडले होते आणि त्यातला एकही पोराच्या उपयोगाचा नव्हता.

"सायबाला दे," बाय म्हणाली.

दुसरा आवाज आला, शांत, मराठी. "आजी, मी इथला तपासणी अधिकारी बोलतोय. मुलगा म्हणतो त्याला माहीत नाही. ही पावडर कसली आहे?"

"हिरड्याची."

"कशाची?"

"हिरडा. रानात व्हतो आमच्या. मीच वेचला, वाळवला नि कुटला. समुद्रात पोट बिघडतं म्हनतात."

"मग मोज्यात का लपवली?"

"हातात दिली असती तर घेतली असती काय त्यानं? चार पोरांत लाजतो. तुमी घेतली असती?"

पलीकडे पुडीचा कागद चुरचुरला.

"तुमचं पोट साफ व्हतं काय?" बायने विचारलं.

"आजी, ते आपण नंतर..."

"म्हंजे नाय व्हत."

पलीकडे कोणीतरी हसलं. साहेबही असतील. "आजी, आम्ही तपासून घेतली आहे, तशी काही वावगी नाही. पण ही इथेच ठेवावी लागेल. मुलाला सोडतो."

"ठेवा तुमी. सकाळी उपाशीपोटी, चिमूटभर, कोमट पान्यातून. लाजू नका."

देवजीला राहवेना. तो माझ्या खांद्यावरून ओरडला, "सायेब, फोन बंद करा, विमानात फोन चालत नाय."

"कोण बोलतंय?" साहेबांनी विचारलं. "विमान अजून जमिनीवर आहे. उशीर आहे त्याला."

बाय मागे वळली. "ऐकलंस देवज्या? जमिनीवर हाय. सकाळपासून कंच्या विमानासाठी पाळतोस तू?"

गावाने देवजीकडे पाहिलं आणि देवजीने माझ्याकडे. मी मुरबाडच्या शिक्क्याचा कागद खिशात आणखी खाली ढकलला.

ऋतिक परत फोनवर आला. आता त्याचा आवाज धावता होता. "सोडलं, आजी. जातो. आता आत गेल्यावर बंद करावा लागेल. जहाज समुद्रात गेलं की करीन."

"जा. ऐकू आलास. पुरे."

तिने फोन बंद केला. फडक्याने पुसला, तांदूळ परत पिंपात झटकले, एकही जमिनीवर पडू दिला नाही. मग काठी मागितली, म्हणजे माझी, आणि टेकत टेकत देवळापर्यंत गेली. टोपलीत सगळ्यांच्या वर तिने आपला फोन ठेवला.

"आता पाळा," ती म्हणाली. "आता तो वर चाललाय."

आणि दुसरी पाळणूक अंधार पडेपर्यंत चालली. पहिलीपेक्षा कडक. कारण ही बायची होती. ज्ञानेश्वर रात्री जेवणाच्या वेळी परतला. तो दिवसभर जीपमध्ये फोन बंद करून बसला होता आणि सगळं नीट झालं असं त्याने आम्हाला सांगितलं.

पुढे ऋतिकचे फोन येत राहिले, पण फक्त बायच्या नंबरावर. त्या दिवशी तो एकच लागला होता, त्याचा त्याला गुण वाटला असणार. फोन तांदळातच राहायचा. नम्रता संध्याकाळी चार्ज करून परत पुरायची. जहाज बंदरात असलं की फोन नाही, कारण तिथे जहाजाचा टॉवर बंद आणि त्या देशाचं सिम याच्याकडे नाही. खोल समुद्रात गेलं की फोन.

"जमीन दिसली की बोलायचं नाय," बाय म्हणायची, "नि पानीच पानी झालं की बोलायचं. सगळे देश बसले नि हे ठरवलं." पण तिने तोही नियम पाळला. फोन आला नाही की ती म्हणायची, जमिनीला लागला असेल, बरं झालं.

चैत्रात जहाज कुठल्याशा बंदरात माल उतरवत असताना ती गेली. गावाने औतं सोडली. देवजी आला आणि पडवीत बसला. जाताना मला विचारलं, "फोनांचं काय?"

"चालू ठेवा," मी म्हणालो. "पोरगा करील."

त्याने गावात सांगितलं. कोणी फोन बंद केला नाही. माणसं शेतात फोन घेऊन गेली, रात्री उशाशी घेऊन झोपली. हर्षाली पंचायत समितीचा प्रत्येक फोन उचलायची, ऋतिक असेल म्हणून. सापगावला भिमीनेही तसंच केलं. ही पाळणूक कोणी मोडली नाही, पण त्याचा फोन गावात कुणाला आला नाही. कसा येणार.

दहाव्याचं भांडं चुलीवर होतं तेव्हा पिंप वाजलं. घरात बायका होत्या, सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी झाकण काढलं, तांदळात हात घातला. तो मला लगेच सापडला नाही, नम्रता तो किती खोल पुरते ते तिलाच माहीत.

"मोठी आजी," तो म्हणाला, "निघालो समुद्रात. कशी हायस?"

"ऋतिक, मी आबा बोलतोय," मी म्हणालो. "बाय रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, चहा घेतल्यावर वारली."